मोटरबोटीची लाल दोरी

वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीतून नावाडी तोल जाऊन पाण्यात पडला, तर होडीची गती त्याच क्षणापासून मंदावू लागते. कारण तिला पुढे रेटणारे जे बळ, ते त्याच्या दंडांत होते आणि ते त्याच्याबरोबरच पाण्यात उतरलेले असते. शिडाच्या होडीचे शास्त्र किंचित निराळे असले, तरी तेथेही शिडाची दोरी हातातून सुटली की शीड फडफडू लागते, वाऱ्याची पकड ढिली पडते, आणि ज्यांच्या बांधणीत समतोल नीट साधलेला आहे अशा बऱ्याच होड्या आपले तोंड आपणहून वाऱ्याकडे फिरवून थबकतात. हजारो वर्षे माणसाने जी जलवाहने वापरली त्यांच्या अंगी असे एक स्वाभाविक सौजन्य होते, की धनी नाहीसा झाला म्हणजे ती फार दूर जात नसत. पेट्रोलच्या इंजिनाने हे सौजन्य संपुष्टात आणले, आणि त्याची भरपाई म्हणून माणसाला जी तजवीज करावी लागली, ती म्हणजे हातभर लांबीची, वेटोळ्यांची, बहुधा लाल रंगाची एक दोरी व तिच्या टोकाला असलेली प्लास्टिकची एक चिमटी.

नॉर्वेतून अमेरिकेस जाऊन स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड या यंत्रज्ञाने मिलवॉकी शहरात १९०९ साली आपले आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या पिछाडीच्या फळीला बाहेरून अडकवावयाचे इंजिन, विक्रीस आणले, तेव्हा त्याची ताकद दीड अश्वशक्तीच्या आसपास होती. आणि अशा होडीतून पडलेल्या माणसाला फार तर पोहत पोहत घरी जाण्याचा मनस्ताप झाला असता. २०२१ साली मर्क्युरी या अमेरिकन कंपनीने त्याच जातीचे जे इंजिन बाजारात मांडले, ते ६०० अश्वशक्तीचे आहे. इतकी टोकाची ताकद बाजूला ठेवली, तरी सहलीच्या साध्या स्पीडबोटीवर १०० ते ३०० अश्वशक्तीचे इंजिन असणे आज नवलाचे राहिलेले नाही. ताकद अशी शतपटीने वाढत गेली. परंतु इंजिनाला आपला चालक जागेवर आहे की नाही याची खबर नसते, ही मूळची उणीव मात्र आहे तशीच राहिली.

या उणिवेचे कारण बोटीच्या थ्रॉटलमध्ये आहे. मोटारीच्या पेडलवरचा पाय उचलला की ते वर येते, मोटारसायकलची मूठ सोडली की ती स्प्रिंगच्या ओढीने मागे फिरते. बोटीची वेगदांडी मात्र जेथे नेऊन ठेवावी तेथेच घर्षणाच्या आधाराने उभी राहते. हा निष्काळजीपणा नव्हे. समुद्रावर तासन् तास एकाच वेगाने जावयाचे असते, लाटेच्या प्रत्येक धक्क्याने हात पुढे-मागे होत असतो, आणि त्या हाताच्या हालचालीसरशी इंजिनही गुरगुरू व थांबू लागले, तर प्रवास अशक्य होईल. म्हणून दांडीने आपली जागा सोडू नये अशीच तिची रचना असते, आणि हँडलवर चालणाऱ्या लहान इंजिनांत तर मूठ आहे तेथेच राहावी यासाठी आवळण्याचा एक स्क्रूही दिलेला असतो. मुंबईच्या लोकलगाडीत याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने शोधले आहे. मोटरमनच्या हाताखालचा दांडा सतत दाबून धरावा लागतो. त्याला घेरी आली, हात सैलावला, की वीजपुरवठा तुटतो व ब्रेक लागतात. बोटीवर हात असा अखंड गुंतवून ठेवणे परवडत नाही, म्हणून हाताऐवजी साऱ्या देहालाच यंत्राशी जोडून टाकण्याची युक्ती निघाली. आणि ती युक्ती म्हणजेच किल स्विच व त्याची दोरी.

आता चालक पडल्यावर बोट नेमके काय करते ते पाहिले पाहिजे, कारण येथेच सामान्य माणसाचा तर्क चुकतो. बोट सरळ रेषेत क्षितिजाकडे निघून जाईल, नुकसान झालेच तर तिच्या मालकाचे होईल, आणि पडलेला माणूस लाइफजॅकेटच्या आधाराने तरंगत मदतीची वाट पाहील, असे चित्र आपण मनाशी रंगवतो. प्रत्यक्षात पंखा पाण्यात फिरत असता त्याच्या फिरण्याच्या प्रतिक्रियेमुळे इंजिनाला एका बाजूस वळवू पाहणारा एक रेटा सतत उत्पन्न होत असतो. चालकाचा हात सुकाणूवर असतो तोवर तो रेटा, चालकाच्या ध्यानातही न येता, थोपवला जातो. हात नाहीसा होताच इंजिन एका अंगास कलते आणि बोट आवळ वर्तुळात फिरू लागते. चालक ज्या ठिकाणी पडला, ते ठिकाण त्या वर्तुळाच्या परिघावर किंवा अगदी जवळ असते. शिवाय पहिल्या फेरीत बोटीने स्वतःच उठवलेल्या लाटा दुसऱ्या फेरीत तिला आडव्या येतात, त्यांवर आदळून ती हेलकावा खाते, आणि वर्तुळ दर खेपेस थोडे थोडे सरकते. त्यामुळे पाण्यातल्या माणसाने कोणत्या दिशेस पोहावे याचा हिशेब मांडणेही शक्य राहत नाही. इंग्रजी बोलणारे नावाडी याला ‘सर्कल ऑफ डेथ’ म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

थोडे अंकगणित करून पाहावे. २० नॉट वेग म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १० मीटरांहून किंचित अधिक. वर्तुळाचा व्यास ५० मीटर धरला तर परीघ होतो १५७ मीटर. वळताना वेग काहीसा घटतो हे जमेस धरले, तरी वीस-पंचवीस सेकंदांत बोट पुन्हा त्याच जागी येते. एवढ्या वेळात घाबरलेला, पाणी गिळलेला, अंगावर कपडे असलेला माणूस किती अंतर पोहू शकेल? पंख्याचा हिशेब तर याहून भयंकर आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३,२०० फेरे घेत असेल, तर एकाच जागेवरून दर सेकंदाला १६० वेळा पाते जाते. त्यामुळे पंख्याखाली सापडलेल्या माणसाला एक घाव बसत नाही, एका श्वासाच्या अवधीत अनेक बसतात.

या साऱ्यावरचा जो उपाय, तो डोळ्यांपुढे धरून पाहिला तर हसू यावे इतका साधा आहे. चालकाच्या पुढ्यातील फळीवर, किंवा इंजिन लहान असेल तर त्याच्या पुढल्या अंगावरच, एक लाल बटण असते. बटणाचे डोके व त्याची बैठक यांच्यामध्ये एक खाच ठेवलेली असते, आणि त्या खाचेत दोन फाट्यांची प्लास्टिकची चिमटी सरकवली म्हणजे स्प्रिंगचा जोर असूनही बटण वर उचललेले राहते. चिमटीला दोरीचे एक टोक बांधलेले. दुसऱ्या टोकाला धातूचा आकडा, तो चालकाच्या अंगावर. दोरी ताणली गेली, चिमटी निसटली, की स्प्रिंग आपले काम करते, खट् असा आवाज होऊन बटण आत बसते, आणि इंजिन बंद. काही कंपन्यांच्या रचनेत बटणाऐवजी वर-खाली होणारी कळ असते, एवढाच फरक. दोरी वेटोळ्यांची असते ती एवढ्यासाठी, की चालकाला उभे राहता यावे, थोडे वळता यावे, आणि तरी ती पायांत घोळू नये. मर्क्युरीच्या इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पूर्ण ताणलेल्या दोरीची लांबी १२२ ते १५२ सेंटिमीटर दिली आहे. याहून लांब दोरी घेतली, तर माणूस बोटीच्या कठड्यावरून पलीकडे जाईपर्यंतही ती ताणली जाणार नाही, आणि आखूड घेतली तर साध्या हालचालीनेही इंजिन बंद पडेल. तेव्हा घरातली कोणतीही दोरी कापून हे काम भागवण्याचा मोह आवरावा हेच श्रेयस्कर.

बटणाच्या मागे, तारांच्या जाळ्यात जे घडते, ते मात्र समजून घेण्याजोगे आहे; कारण या उपकरणाचे बळ आणि त्याचा धोका दोन्ही तेथे दडलेले आहेत. लहान आउटबोर्ड इंजिनांत पुष्कळदा बॅटरी नसतेच. दोरी ओढून इंजिन सुरू केले की वरचे जड चक्र फिरू लागते, चक्राला बसवलेली चुंबके तारेच्या वेटोळ्यांपुढून जातात, त्यांतून वीज उत्पन्न होते आणि तीच स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडते. असे इंजिन बंद करावयाचे तर बाहेरचा पुरवठा तोडता येत नाही, कारण बाहेरचा पुरवठा मुळात नाहीच. म्हणून उलटी युक्ती योजतात. चिमटी जागेवर असते तोवर स्विचमधील दोन टोके एकमेकांपासून दूर असतात. चिमटी निघताच ती जुळतात, आणि प्लगकडे निघालेल्या विजेला इंजिनाच्या धातूच्या अंगात उतरून जाण्याची सोपी वाट मिळते. वीज ती वाट धरते, ठिणगी पडत नाही, आणि इंजिन निमूटपणे थांबते. दुसरी रचना याच्या नेमकी उलट असते: तेथे ठिणगीसाठी बॅटरीची वीज स्विचमधूनच पुढे जाते, आणि चिमटी निघताच ही वाट तुटते.

दोन्हींचा परिणाम एकच, मग भेद कशासाठी करावयाचा? कारण बिघाड झाला असता या दोन रचनांचे वर्तन परस्परविरुद्ध असते. दुसऱ्या प्रकारात एखादी तार गंजून तुटली तर इंजिन चालूच होत नाही. चालक वैतागतो, मिस्त्रीला बोलावतो, पण कोणाच्या जिवाला धोका नाही. पहिल्या प्रकारात तीच तार तुटली, तर इंजिन आनंदाने सुरू होते, दिवसभर कुरकुर न करता चालते, चालकाने दोरी यथासांग मांडीला बांधलेली असते, आणि ज्या क्षणी ती ताणली जाऊन चिमटी निघते त्या क्षणी काहीही होत नाही. हा बिघाड मुका आहे. तो आपण होऊन कधी बोलत नाही. खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवट पूड कशी चढते हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून बोट धक्क्याला बांधलेली असतानाच, गिअर न टाकता इंजिन सुरू करावे, दोरीला एक हिसका द्यावा, आणि इंजिन थांबल्याची स्वतःच्या कानांनी खातरजमा करून मगच प्रवासी घ्यावेत, हा नियम दररोजचा असला पाहिजे. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद होते यावरून किल स्विचही चालतो असे अनुमान काढणारे लोक आहेत. परंतु कित्येक बोटींत या दोहोंच्या तारा निराळ्या असतात.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत याहून एक पायरी पुढे जावे लागते. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबाच्या उष्णतेने तेल आपोआप पेट घेते. तेव्हा विजेची वाट अडवून काही साधत नाही, तेलाचीच वाट अडवावी लागते. त्यासाठी विजेवर चालणारी एक झडप असते, आणि चिमटी निघाली की ती तेलाचा प्रवाह बंद करते. जुन्या डिझेल बोटींत ही सोय नसते, कारण त्या जड व मंदगती असतात आणि चालक बहुधा बंदिस्त खोलीत बसलेला असतो. धोका खरा आहे तो हलक्या, उघड्या, वेगवान बोटींना.

अशाच एका बोटीची हकीकत ब्रिटनमध्ये या दोरीविषयीच्या प्रत्येक चर्चेत निघते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यात पॅडस्टो नावाचे एक बंदर आहे, आणि तेथे कॅमल नदीची खाडी समुद्राला मिळते. ५ मे २०१३ या दिवशी, सुटीच्या स्वच्छ उन्हात, आईवडील आणि चार मुले असे सहा जणांचे एक कुटुंब आपल्या आठ मीटर लांबीच्या, हवा भरलेल्या कडांच्या स्पीडबोटीतून त्या खाडीत फेरफटका मारीत होते. परत फिरण्याच्या वेळी सुकाणूचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे जात असता बोटीने वेगात असतानाच एकाएकी तीव्र वळण घेतले आणि सहाच्या सहा जण बाहेर फेकले गेले. दोरी बोटीवर होती. पण ती कोणाच्याच अंगाला बांधलेली नव्हती. बोट फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी मरण पावली, आई व सर्वांत धाकटा मुलगा यांच्या पायांना अत्यंत गंभीर इजा झाल्या, आणि शेवटी दुसऱ्या एका बोटीवरून एका धाडसी माणसाने त्या फिरत्या बोटीवर उडी घेऊन तिचे इंजिन बंद केले, तेव्हा तो प्रकार थांबला.

ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण खात्याने पूर्ण चौकशीची वाट न पाहता त्याच महिन्यात एक सूचनापत्रक काढले. त्यातील मजकूर थोडक्यात असा, की स्विच वारंवार तपासून इंजिन खरोखर थांबते ना ते पाहावे. दोरी सुस्थितीत आहे याची खात्री करावी. इंजिन सुरू करण्यापूर्वी, निदान गिअर टाकण्यापूर्वी तरी, ती चालकाच्या अंगाला पक्की अडकवावी. आणि दुसऱ्या माणसाच्या हाती बोट द्यावयाची असेल तर आधी इंजिन बंद करून मगच दोरी त्याला द्यावी. यांतले शेवटचे कलम सर्वांत कमी पाळले जाते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे तेच आहे. ‘जरा धर रे’ म्हणून सुकाणू दुसऱ्याकडे देण्याचा क्षण हा नेमका असा असतो, की जुना चालक आपल्यावरची जबाबदारी उतरली असे समजतो, नव्याला ती अजून आली आहे असे वाटत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने तर त्या घटकेस बोटीवर कोणीच नसते. इंजिन बंद करून चालू करण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यात दोघांच्याही ध्यानात येते की आता धनी बदलला.

अमेरिकेत हा विषय कायद्याच्या हद्दीत आला. काही राज्यांत असे नियम आधीपासून होते; टेक्सासमध्ये २०१२ साली एक सोळा वर्षांची मुलगी बोटीतून फेकली जाऊन मरण पावल्यावर तिच्या आईवडिलांनी केलेल्या पाठपुराव्याने २०१९ मध्ये तेथे दोरी बांधण्याची सक्ती झाली. संघराज्याच्या सरकारने प्रथम बोटी बनवणाऱ्यांवर स्विच बसवण्याचे बंधन घातले, आणि १ एप्रिल २०२१ पासून चालवणाऱ्यांवरही तो वापरण्याचे बंधन आले. २६ फुटांहून लहान, सुमारे ३ अश्वशक्ती व त्याहून अधिक ताकदीच्या सहलीच्या बोटीने पाण्यावर उचलून धावण्याइतका वेग घेतला, की चालक दोरीने स्विचशी जोडलेला असला पाहिजे. धक्क्याला लावताना, मासे गळाला लावीत सावकाश जाताना सूट आहे. चालक बंद केबिनमध्ये बसत असेल तरी सूट आहे. आणि जुन्या बोटीवर मुळात स्विचच नसेल तर नवा बसवण्याची सक्ती नाही. कसूर झाल्यास पहिल्या खेपेस १०० डॉलरांपर्यंत दंड, दुसऱ्या खेपेस २५०, त्यापुढे ५००. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशातही हँडलने वळवावयाच्या प्रत्येक आउटबोर्ड इंजिनाला चालकाशी जोडता येणारे थांबवण्याचे साधन असलेच पाहिजे असे कलम आहे. पण साधन असणे आणि ते अंगावर असणे यांत जे अंतर आहे, ते पॅडस्टोच्या खाडीने दाखवून दिले होते.

दोरी अंगावर कोठे बांधावी याविषयी मतभेद आहेत. ब्रिटनमधील रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या शिकवणीप्रमाणे ती मांडीभोवती किंवा गुडघ्याच्या वर वळसा घालून स्वतःवरच अडकवावी, कारण पाय हा सुकाणूपासून दूर असतो व त्याला होणारी ओढ सरळ असते. अमेरिकेत ती लाइफजॅकेटच्या मजबूत कडीला अडकवण्याचा प्रघात आहे. मनगटाला बांधली तर सुकाणूचे चाक फिरवताना ती त्यात गुरफटते, म्हणून चाकाच्या बोटीवर ते टाळावे. जेट-स्कीवर मात्र मनगटच सोईचे, कारण तेथे चाक नाही, हँडल आहे. सदऱ्याच्या गुंडीला, खिशाला, चष्म्याच्या दोरीला अडकवणारे महाभागही दृष्टीस पडतात. माणूस पाण्यात गेला आणि गुंडी बोटीवर राहिली, तर त्या बांधण्याचा उपयोग काय?

ही दोरी न बांधण्याची कारणे विचारली, तर जी उत्तरे मिळतात त्यांतली काही निव्वळ आळसाची असतात, पण एक उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. चालक पाण्यात न पडताही, वळून बोलताना किंवा दोर उचलताना दोरी ताणली जाते, भर वेगात इंजिन बंद पडते, आणि बोट एकदम बसल्यासारखी होऊन प्रवासी पुढे आदळतात. हे घडते. मागून मोठी लाट येत असेल तर वेग गेलेल्या बोटीच्या पिछाडीवरून पाणी आत घुसू शकते, आणि इंजिनाचा जोर गेला की सुकाणूही बव्हंशी निकामी होते. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच हे धोके आपल्या पुस्तिकांत नमूद करतात, आणि त्यांच्या जोडीला हेही सांगतात की इंजिन बंद पडले म्हणून बोट त्याच जागी उभी राहत नाही. ती काही अंतर घसरत जाते, आणि त्या अवधीत समोर आलेल्याला इजा करू शकते. तरीही या सगळ्याचा जमाखर्च मांडला, तर चुकून बंद पडलेल्या इंजिनाने होणारे नुकसान बहुधा ओरखडे, मुका मार आणि शिव्या एवढ्यावर भागते. चालू राहिलेल्या इंजिनाचे नुकसान मागे घेता येत नाही.

दोरीची प्रकृती हीही लक्ष देण्याची बाब आहे. उन्हात वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या दोरीचा लाल रंग विटून गुलाबी होतो, वेटोळी सैल पडून ती लोंबू लागते, वरच्या प्लास्टिकला तडे जातात, आणि आकड्याची स्प्रिंग मिठाने जाम होते. अशी दोरी सत्वर बदलावी. इंजिनाच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य असते. आणि बदलताना एक जादा चिमटी घेऊन ती बोटीवरच, सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. कारण उघड आहे: चालक दोरीसकट पाण्यात गेला, इंजिन ठरल्याप्रमाणे बंद पडले, आणि चिमटी त्याच्याच मांडीला लटकत दूर वाहत चालली, तर बोटीवर राहिलेल्या माणसांनी त्याला आणावयास जावे कसे? बहुतेक इंजिने चिमटीवाचून पुन्हा सुरू होत नाहीत. ही जादा चिमटी सुकाणूशेजारी कायमची खुपसून ठेवून, खरी दोरी न बांधताच बोट हाकण्याचा जो धूर्तपणा काही ठिकाणी चालतो, त्याविषयी अधिक काय लिहावे!

अलीकडे दोरीवाचून चालणारी साधनेही निघाली आहेत. चालकाच्या मनगटावर किंवा गळ्यात घड्याळाएवढी एक डबी असते, बोटीवरील पेटीशी तिचा बिनतारी संबंध असतो, आणि डबी पाण्यात बुडाली वा अंतर वाढले की संबंध तुटून इंजिन थांबते. नॉर्वेतील फेल मरीन या कंपनीचे असे साधन प्रसिद्ध आहे, मर्क्युरीचेही आहे, आणि अमेरिकेचा कायदा त्यांना दोरीच्या बरोबरीने मान्यता देतो. चालकाखेरीज इतर प्रवाशांनाही अशा डब्या देता येतात, हा त्यांचा मोठा गुण. परंतु डबीत बॅटरी आली, बॅटरी आली की ती संपणे आले. गरीब दोरीला चार्ज करावे लागत नाही.

आपल्या किनाऱ्याकडे वळले, तर हा प्रश्न दोन ठिकाणी अगदी निकट येऊन ठेपतो. पहिले ठिकाण म्हणजे अलिबाग, काशीद, तारकर्ली, मालवण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांसाठी चालणारी जेट-स्की, केळ्याच्या आकाराची फुग्याची बोट आणि ती ओढणारी स्पीडबोट. येथे बोट वेगात, उघडी, आणि पोहणाऱ्यांच्या अगदी जवळून जाणारी असते. शिवाय फुग्यावरची माणसे मुद्दाम पाण्यात पाडण्याची रीत असल्यामुळे चालक वरचेवर मागे वळून पाहत असतो. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट हाकण्याचे शिक्षण दिले जाते, आणि तेथून शिकून आलेला चालक बोटीत बसताच हात आधी दोरीकडे नेतो; पण हंगामाच्या गर्दीत दिवसाला कित्येक फेऱ्या करणाऱ्या, प्रत्येक फेरीला उतरून प्रवाशांचे लाइफजॅकेट बांधणाऱ्या तरुणाला दरवेळी दोरी सोडणे-बांधणे जिवावर येते, आणि दुपारपर्यंत ती सुकाणूपाशी नुसतीच लोंबत राहते.

दुसरे ठिकाण म्हणजे आठ-दहा अश्वशक्तीचे इंजिन लावून पहाटे एकट्याने जाळे टाकावयास जाणारा मच्छीमार. त्याची होडी वेगवान नसते, म्हणून पंख्याचा धोका त्याला तितकासा वाटत नाही. परंतु त्याचा धोका निराळा व अधिक दारुण आहे. पायात जाळ्याची दोरी अडकून तो पाण्यात गेला, आणि ताशी आठ-दहा किलोमीटरांनी होडी पुढे चालू लागली, तर अट्टल पोहणाराही तिला गाठू शकत नाही, कारण माणूस चांगला पोहला तरी ताशी तीन-चार किलोमीटरांपलीकडे फारसा जात नाही. किनारा दूर, दुसरी होडी नजरेत नाही, आणि स्वतःची होडी डोळ्यांदेखत लहान लहान होत जाते. बंद पडलेली होडी मात्र हाकेच्या अंतरावर डुलत राहते, आणि तिच्या कठड्याला हात घालता येतो. जाळे ओढताना दोरी आड येते ही नाखव्यांची तक्रार खोटी नाही. पण होडी चालू असताना ती बांधावी, जाळे ओढण्यासाठी इंजिन बंद केले की सोडावी, एवढे केले तरी निम्म्याहून अधिक काम होते. इंजिन विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला इंजिनातील तेलाविषयी जितके समजावून सांगावे, तितकेच या दोरीविषयी सांगितले, तर ते कायद्याच्या कलमापेक्षा लवकर पोहोचेल.

येत्या सुटीत वाचक समुद्रावर जातील, मुलांना स्पीडबोटीत बसवतील, आणि लाइफजॅकेटचे पट्टे आवळून झाले म्हणजे सुरक्षिततेचा विषय संपला असे समजतील. तसे समजू नये. बोट सुटण्यापूर्वी चालकाच्या पायाकडे किंवा मनगटाकडे एकवार पाहावे. दोरी सुकाणूपाशी रिकामी लोंबत असेल तर संकोच न करता, ‘दादा, ती दोरी अडकवा, मग निघू’ असे म्हणावे. आणि तो हसून ‘काही होत नाही’ म्हणाला, तर मुलांना घेऊन उतरावे व दुसऱ्या बोटीचे तिकीट काढावे.